शेतकऱ्याच्या घरी मुलगी वयात येते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात, शाळेच्या मागच्या खोलीत, मी दर शनिवारी मुलींसोबत बसते. मुली चिठ्ठ्या टाकतात, आया फोन करतात, आणि बाप लोक "आमच्या पाहुण्यात एक मुलगी आहे" असं म्हणून स्वतःच्याच लेकीचं विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून एका जागी लिहून काढले. मी स्वतः सात एकर कोरडवाहू रानातली. सोयाबीन, तूर, हरभरा. डॉक्टर नाही की वकील नाही. त्यांच्याकडं जायला हवं तिथं तसं लिहिलंय.

१. माझी लेक अकरा वर्षांची आहे. पाळीचं आत्ताच सांगू का? घाबरली तर?

आत्ताच सांगा. काहीच माहीत नसताना आली तर जास्त घाबरते. बहुतेक मुलींना अकरा ते चौदाच्या दरम्यान पाळी येते, काहींना नवव्या-दहाव्या वर्षीही. छाती भरायला लागली की साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येईल असं धरून चाला. त्यासाठी दार लावून समोर बसवायची गरज नाही. शेंगा फोडताना, डाळ निवडताना दोघींचे हात कामात आणि नजर सुपात असली की अवघड बोलणं सोपं जातं. आठ वर्षांच्या आतच अंगात बदल दिसू लागले, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरला दाखवा. "आमच्या घराण्यात उशिराच येते" म्हणून सोडून देऊ नका.

२. रानात असतानाच पहिल्यांदा आली तर काय करायचं?

माझं तसंच झालं होतं. तेरावं चालू होतं, तुरीच्या कापणीला गेले होते. परकर मागून भिजला आणि मला वाटलं तुरीचा खुटा लागला. आज्जीनं एका नजरेत ओळखलं. तिनं विळा बांधावर ठेवला, डोक्याला बांधलेलं जुनं धडपं सोडलं, दातानं फाडलं, चार घड्या घातल्या आणि म्हणाली, "धर, झाडाआड जाऊन ये." मला आंब्याखाली बसवून बाकीच्या बायांनी माझी पाथ उरकली. कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी कळलं की हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

म्हणून दहावं लागलं की रानात न्यायच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी एक छोटी पिशवी ठेवा: दोन पॅड किंवा घडी घातलेलं सुती कापड, एक निकर, जुना पेपर, साबणाचा तुकडा. काम थांबवायलाच हवं असं नाही. पोट दुखत असेल तर थांबावं, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकावं.

आणि एक गोष्ट जी कुणी विचारत नाही, पण दर शनिवारी दिसते. आडोसा नसतो म्हणून मुली रानात दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीला जळजळ होते म्हणून येतात. घरच्या रानात चार मेढी आणि जुन्या साडीचा आडोसा करायला अर्धा तास लागतो. बापाला सांगा. राखणीसाठी माळा बांधतो तो, आडोसाही बांधेल.

३. एकदा आली आणि नंतर तीन महिने आलीच नाही. काही बिघाड आहे का?

पहिली दोन वर्षं असं होतं. शरीराचं गणित बसायला वेळ लागतो. हळूहळू २१ ते ४५ दिवसांच्या आत येऊ लागते. पण तीन महिन्यांहून जास्त खंड वारंवार पडत असेल, आठ दिवसांपुढं रक्त जात असेल, किंवा दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल तर आरोग्य केंद्रात जा. चक्कर येत असेल तर प्रश्न ७ पण वाचा.

४. कापड चांगलं की पॅड? आणि वापरलेलं टाकायचं कुठं?

दोन्ही चालतं. कापड सुती हवं, साबणानं धुतलेलं आणि कडक उन्हात वाळवलेलं. अडचण या शेवटच्या अटीची आहे. आपल्याकडं कापड लाजेनं गोठ्याच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालतात. तिथं ते ओलसरच राहतं आणि खाज-इन्फेक्शन तिथूनच सुरू होतं. उन्हात दोरीवर घाला, वरून पातळ ओढणी टाका.

पाण्याचंही बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते जगभर गाजलं. त्या दिवसांत घागरभर पाण्यात घरच्या तीन बायकांची कापडं कशी धुतली, हे कुठंच छापून आलं नाही. टंचाईच्या महिन्यांत पॅडच बरा. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळतो. शाळेत आणि आशाताईंकडंही विचारून बघा. पॅड चार ते सहा तासांनी बदला.

वापरलेला पॅड विहिरीत, ओढ्यात, संडासात टाकू नका. त्यात प्लास्टिक असतं. वरवर पुरला तर कुत्री उकरतात आणि नांगरटीला वर येतो. खोल खड्डा घेऊन वर झाकण टाका. सुती कापड पुरलं तर कुजतं.

५. पाळीत मिरचीच्या वाफ्यात गेलं तर रोपं जळतात का? वेलाला शिवलं तर वेल वाळतो का?

नाही. मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, फुलकिडे, कोळी आणि विषाणूमुळे येतो. रोपांची मर बुरशीनं होते. त्यातल्या एकालाही आपली तारीख माहीत नसते. आम्ही मुलींनी एकदा परसात दोन वाफे केले. एकाला पाळीतल्या मुलींनीच पाणी घालायचं, दुसऱ्याला बाकीच्यांनी. दोन्हीवर एकाच आठवड्यात बोकड्या आला. आज्जी म्हणाली, शेजारच्या वाफ्याचा विटाळ लागला असेल. तिच्याशी कोण वाद घालणार!

गंमत अशी की हा विटाळ निवडून लागतो. लोणच्याच्या बरणीला लागतो, देव्हाऱ्याला लागतो, पेरणीच्या चाड्यावरच्या मुठीला लागतो. मजुरीच्या खुरपणीला मात्र लागत नाही. बाई पाळीत आहे म्हणून तिला पगारी सुट्टी देणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही.

वेळ अमावस्येचं, म्हणजे रानात पूजा करायच्या आमच्याकडच्या सणाचं, दुखणं खरं आहे. सगळं गाव भज्जी, आंबिल, उंडे घेऊन रानात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते, आणि ओस पडलेल्या गावात एखादी मुलगी कुत्र्यासोबत ओसरीवर बसलेली असते. आमच्या घरी यावर तोडगा निघाला तो भांडून नाही. पहिल्या वर्षी ठरलं की मी रानात यायचं, कोपीला शिवायचं नाही. तिसऱ्या वर्षी आंबिलाचं मडकं माझ्याच डोक्यावर होतं, कारण आज्जीचे गुडघे दुखत होते. विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

६. घरचे न्हाणाचा, म्हणजे पहिल्या पाळीचा, कार्यक्रम करायचं म्हणतात. मला लाज वाटते. नाही म्हणू का?

म्हणा. ओटी भरणं, गोडधोड, मामाकडून साडी, यात वाईट काही नाही, कौतुकच आहे. पण मंडप टाकून, फोटो स्टेटसला लावून अख्ख्या पंचक्रोशीला कळवलं की त्याचा अर्थ 'मुलगी लग्नाची झाली' असा घेतला जातो. महिनाभरात पाहुणे 'सहज' यायला लागतात. चार घरच्या बाया, पुरणपोळी आणि मुलीला हवी ती वस्तू, एवढ्यावर आटपा. आमच्या गटातल्या एकीनं साडीऐवजी सायकल मागितली. मामा कुरकुरला, पण घेऊन आला.

७. सारखी दमते, पायऱ्या चढताना धाप लागते. कामचोर म्हणतात घरचे.

रक्त तपासा. मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर तो पंडुरोग, म्हणजे रक्त कमी. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायका-मुलींना तो आहे. १० ते १९ वयाच्या मुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळेत, आणि शाळेबाहेरच्या मुलींना अंगणवाडीत फुकट मिळते. जेवणानंतर घ्या, वर लगेच चहा पिऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा लिंबू पिळलेलं काही खा. जंताची गोळी वेळेवर घ्या, कारण अनवाणी रानात फिरणाऱ्यांना जंत होतात आणि ते रक्त पितात. शेंगदाणे-गूळ, बाजरी, तांदुळजा, अळीव घरचंच आहे. आणि पुरुष जेवून उरलेल्या डाळीत मुलीला पाणी घालून वाढायचं बंद करा.

८. मुलगी शेतात मदत करते. कोणत्या वयात कोणतं काम द्यावं?

चौदाच्या आत शाळा बुडवून काम नाही. शाळा सुटल्यावर घरच्या रानात हात लावायला कायदा आड येत नाही, धोक्याची कामं सोडून. धोक्याचं म्हणजे: फवारणी अठराच्या आत अजिबात नाही, औषध कालवायलाही नाही, आणि फवारलेल्या रानात लगेच खुरपायलाही नाही. मळणीयंत्राजवळ ओढणी आणि मोकळी वेणी घेऊन जायचं नाही. ट्रॅक्टरचं लायसन अठराला मिळतं. बांधावर चालवता येतो म्हणून रस्त्यावर आणू नका. रात्रीच्या लाईटला मोटार चालू करायला मुलीला एकटीला पाठवू नका. ओल्या पायानं स्टार्टरला हात लावणं आणि अंधारात पाटातला साप, दोन्ही जिवावरचं आहे.

९. राबते मी, पण सोयाबीन किती झालं, कितीला विकलं, मला कुणी सांगत नाही. विचारू कसं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि सगळ्यात कमी वेळा येणारा. आपल्याकडं मुलगी बाराव्या वर्षी कामाला मोठी होते, पाळी आली की लग्नाला मोठी होते, आणि हिशेबाला पन्नाशीतही लहानच राहते.

विचारण्यापेक्षा वही धरा. दोनशे पानी वही, रेघ ओढून दोन बाजू. एका बाजूला खर्च: एकरी साधारण तीस किलो बियाणं, खताच्या बॅगा, फवारणी, खुरपणीचे रोज, काढणीचं उक्तं, मळणी, गाडीभाडं. घरच्या माणसांचा रोजही लिहा, स्वतःचासुद्धा. कुणी हसलं तर हसू द्या. दुसऱ्या बाजूला किती कट्टे झाले, वजन किती भरलं, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली. आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, बापाच्या खिशात असते. शर्ट धुवायला टाकण्याआधी ती काढून वहीत चिकटवायची. मी माझी पहिली पट्टी तशीच मिळवली, अर्धी भिजलेली.

दोन हंगाम वही नीट लिहिली की बाप आपणहून विचारतो, "मागच्या साली किती खर्च आला होता गं?" मग बोलायला जागा होते. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, आणि माल वाळलेला हवा. ओलाव्याचा नियम १२ टक्क्यांचा. घाईनं ओला माल आडतीवर नेला तर किती तुटतं, हे वही असलेल्या पोरीला दाखवता येतं.

१०. आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावाला आहे. घरचे पाठवत नाहीत.

ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास फुकट आहे, म्हणजे पैशाचं कारण उरत नाही. खरं कारण वाटेचं असतं. तीन-चार मुलींनी मिळून जावं, गाडी चुकली तर कुणाच्या घरी थांबायचं ते आधी ठरवावं. गाडीच वेळेवर येत नसेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगारप्रमुखांना अर्ज द्या. एका मुलीच्या अर्जाला फार कुणी विचारत नाही, ठरावाला उत्तर द्यावं लागतं.

११. ऊसतोडीला जायच्या आधी मुलीचं लग्न उरकून टाकावं असं वाटतं. तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं?

ही भीती खोटी नाही, आणि असं विचारणाऱ्या आईला मी दोष देत नाही. दसरा-दिवाळीला गाडी निघते ती उन्हाळ्यातच परत येते. म्हाताऱ्या सासूजवळ चौदा वर्षांची पोर ठेवायची की फडावर न्यायची? त्यात लग्न लावलं की नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि मुकादम जोडीवर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. हिशेब असा जुळतो, आणि म्हणूनच २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये सुमारे ४४ टक्के निघाल्या. राज्याचा आकडा २२ च्या आसपास होता.

पर्याय आहेत, पण ते दिवाळीच्या आधीच धरावे लागतात. शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, समाजकल्याण कार्यालयात संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय जवळ असेल तर तिथंही. गाडी निघाल्यावर धावपळ केली की जागा भरलेल्या असतात.

१२. मुलगी सतरा वर्षं आठ महिन्यांची आहे. चार महिन्यांसाठी कोण बघतंय?

कायदा बघतो. २००६ च्या कायद्यानं मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण हवा. लग्न लावून देणारे, लावणारे, मांडव घालणारे सगळे अडकतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वयाला शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद पाहतात, "दिसते मोठी" हे पाहत नाहीत. साखरपुडा झाला असला तरी लग्न पुढं ढकलता येतं. वधूपक्षाकडून तारीख बदलली तर नाक कापलं जात नाही, आमच्या गावात दोनदा झालंय.

मुलींसाठी: १०९८ हा क्रमांक पाठ करा. फोन फुकट आहे, नाव गुप्त राहतं. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. पण ते नवऱ्या मुलाच्या भावकीतलेच निघाले तर थेट १०९८.

१३. माझं लग्न सोळाव्या वर्षीच झालंय. आता काही होऊ शकतं का?

हो. वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, जिल्हा न्यायालयात हे लग्न रद्द करून मागता येतं. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडं जा. बाईला तिथं उत्पन्नाची अट नसते, मोफत वकील मिळतो.

१४. पाळीचा त्रास नको म्हणून गर्भपिशवीच काढून टाकावी असं काही बाया सांगतात.

ऐकू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये हे इतकं वाढलं होतं की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पाणी जाणं, पोट दुखणं यावर बहुतेक वेळा गोळ्या-औषधं पुरतात. तिशीच्या आत पिशवी काढा असं कुणी सांगितलं तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय कागदावर सही करू नका.

१५. वडील वारले. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढं 'अ.पा.क.' लिहिलंय. म्हणजे काय?

अज्ञान पालनकर्ता. म्हणजे जमिनीत नाव तुझं आहे, पण तू अठराच्या आत असल्यानं आई किंवा दुसरं कुणी पालक म्हणून नोंदलंय. अठरा पूर्ण झाल्यावर हा शेरा आपोआप जात नाही. तलाठ्याकडं (नवं नाव ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यायचा, सोबत शाळेचा दाखला आणि आधार. मग फेरफार होऊन मंडळ अधिकारी मंजूर करतात.

मी हे काम एका मुलीसोबत जाऊन केलं. नवा सातबारा हातात आला तेव्हा ती दोन मिनिटं तीच ओळ वाचत होती. आधी नावाखाली 'अ.पा.क. आई' होतं, आता नुसतं नाव. मग म्हणाली, "मॅडम, माझं आडनाव चुकलंय." खरंच चुकलं होतं. पुन्हा अर्ज.

अवघड भाग: अज्ञानाच्या, म्हणजे अठराच्या आतल्याच्या, वेगळ्या हिश्श्याची जमीन पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली असेल तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसाच्या आत, दावा लावावा लागतो. वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबाच्या जमिनीला कर्त्याचे वेगळे नियम लागतात. तिथं वकीलच गाठा.

१६. मुलीला जमिनीत खरंच भावाएवढा वाटा असतो? की लग्न झालं की संपतो?

असतो, आणि लग्नानं संपत नाही. वडिलोपार्जित जमिनीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानंच भावाएवढी हिस्सेदार आहे. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, पण तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. वडील २००५ च्या आधी वारले तरी हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. अपवाद: २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत, आणि वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. हा सगळा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांना लागतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांचे, तसंच अनुसूचित जमातींचे नियम वेगळे.

हक्कसोडपत्राचं विचारतात ते असं: "भावानं दिवाळीला बोलावलं, साडी दिली आणि तहसीलला नेलं." नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की सहजासहजी मागं फिरत नाही. तोंडी सोडलेला हक्क मात्र कायद्यात सुटत नाही. अठराच्या आतल्या मुलीची सही चालत नाही. भावाला द्यायचंच असेल तर द्या, माझ्या आईनंही दिलं. पण आधी किती गुंठे आहेत ते वाचून द्या. तिनं वाचलं नव्हतं.

१७. मुलगी म्हणते मला शेतीच करायची. बारावीनंतर काय?

बी.एस्सी. कृषी. विज्ञान शाखेतून बारावी आणि सीईटी द्यावी लागते. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचं, आणि त्याची महाविद्यालयं लातूरसह इतर जिल्ह्यांतही आहेत. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. प्रवर्गाच्या अटी प्रवेशाच्या वेळी तपासा आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते.

"शेती करणारीला नवरा कुठला मिळणार" हा याच्या जोडीनं येणारा प्रश्न. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत अशी तक्रार करणारे बाप माझ्याकडं याच महिन्यात तीन येऊन गेले. त्यांचे नंबर आहेत माझ्याकडं.